राइट फील्डला तिसरी बाई

"वहिनी, तुम्हाला काहीच करायचं नाहीये. राइट फील्डला जाऊन नुसत्या उभ्या राहा. तिकडे बॉल येतच नाही, यार."

हे वाक्य ऐकून चाळीस वर्षं झाली, तरी आठवलं की माझं डोकं सणकतं. बोलणारा नागपूरचा, माझ्या नवऱ्याच्या लॅबमध्ये पीएचडी करणारा आणि त्यांच्या सॉफ्टबॉल टीमचा कॅप्टन. १९८४चा उन्हाळा होता. आम्ही अमेरिकेत पिस्कॅटवेला, विवाहित विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या अपार्टमेंटमधल्या दोन खोल्यांत राहत होतो. उन्हाळ्यात दर रविवारी दुपारी युनिव्हर्सिटीतल्या डिपार्टमेंटच्या टीम्स एकमेकींशी सॉफ्टबॉल खेळायच्या. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलचा जरा सौम्य भाऊ. चेंडू मोठा, टाकायचा खालून, बाकी बहुतेक सगळं तेच. चेंडू मारायचा, तीन बेसना पाय लावायचे आणि निघालो त्या प्लेटवर परत यायचं. आलात की एक रन. वाटेत कोणी हातातला चेंडू अंगाला लावला की आउट.

या लीगचा एक नियम होता. मैदानावरच्या दहा जणांत किमान तीन बायका हव्यात, नाहीतर सामना न खेळताच हरला. आमच्या टीमला शिकणाऱ्या दोन मुली मिळाल्या होत्या. तिसरी काही मिळेना. तेव्हा आमच्याकडे पोळी-भाजी खाता खाता कॅप्टनला माझी आठवण झाली. थोडक्यात, मी कोरमपुरती.

मी "बरं" म्हटलं. त्या काळात मी पुष्कळदा "बरं" म्हणायचे. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला नोकरी करायची परवानगी नव्हती. तीन वर्षं मी त्या दोन खोल्यांत बसून होते. लोकांच्या पोरांच्या बारशाचे मेनू ठरवत होते, आणि येईल त्या नव्या विद्यार्थ्याला वरण-भात करून घालत होते. त्या विद्यार्थ्यांपैकीच एकाने मला उभं राहायला सांगितलं होतं.

मी कोण आहे हे त्याला माहीत नव्हतं, असंही नाही. "मी खो-खो खेळायचे," असं मी त्याला सांगितलं होतं. त्यावर तो म्हणाला होता, "अरे वा! शाळेत सगळेच खेळतात, वहिनी."

मी सांगलीची. आठवीपासून रोज संध्याकाळी दोन तास मैदानावर. पाठलाग करणाऱ्या मुली ओळीने बसलेल्या असायच्या, एकीला मागून "खो" मिळाला की ती उठायची आणि आमच्यामागे सुटायची. तिचा हात अंगाला लागला की आम्ही बाद. मी बाद व्हायचे नाही. हात अगदी पाठीशी आला की मी कमरेतून अशी काही वळायचे की पाठलाग करणारी पोरगी हवेला मिठी मारून पुढे जायची. एकोणिसाव्या वर्षी राज्याच्या संघाच्या शिबिरासाठी माझी निवड झाली. त्याच महिन्यात माझं लग्न ठरलं. सासरहून निरोप आला की आता हे हाफ पँट घालून पळणं पुरे. माझ्या आईने शिबिराला पत्र पाठवलं, मुलगी आजारी आहे.

मी आजारी नव्हते. ठणठणीत होते. हे मी त्या वेळी कोणाला सांगितलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

तर पहिला सामना. आमची टीम म्हणजे पुण्या-मुंबईच्या क्रिकेटवाल्यांचा तांडा. कॅप्टनने चेंडू मारला आणि बॅट तिथेच टाकायची सोडून, हातात घेऊनच पहिल्या बेसकडे धावला. तिथे पोचल्यावर त्याने बॅट लांब करून जमिनीवर टेकवली. सगळे हसले, तोही हसला, कोणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. पुरुष चुकला की त्याची गोष्ट होते.

मग माझी पाळी आली. बॅट कशी धरायची ते मला कोणी शिकवलं नव्हतं, कारण तशी वेळ येणार नाही अशी सगळ्यांची खात्री होती. चेंडू आला, मी बॅट फिरवली, लागला. मी पहिल्या बेसवर पोचले. पुढच्या मुलीने चेंडू मारला तशी मी दुसऱ्या बेसकडे सुटले. तिथे एक उंच मुलगा चेंडू धरून माझी वाट बघत उभा होता.

मला इतका आनंद झाला! नऊ वर्षांत माझ्यामागे कोणी लागलं नव्हतं. मी त्याला डावीकडे हुलकावणी दिली आणि उजवीकडून मोठा वळसा घालून गवतात शिरले. तो मागे आला. त्याने चेंडू दुसऱ्याला दिला, मी त्यालाही चुकवलं. तिसरा आला, त्याच्या काखेखालून गेले. अर्धं मैदान फिरून, एकाचाही हात लागू न देता, मी दुसऱ्या बेसवर दोन्ही पायांनी उडी मारली आणि हात वर केला.

अंपायरने मूठ वर केली. म्हणजे आउट.

"नोबडी टच्ड मी!" मी ओरडले. माझ्या आवाजाने माझा नवरासुद्धा दचकला.

"आउट," ती पुन्हा म्हणाली. हो, अंपायर बाई होती. साठीची, आखूड पांढरे केस, निळी टोपी, तोंडात च्युइंगगम.

आम्ही एका रनने हरलो. या वेळीही सगळे हसले, पण पाठीवर थाप नव्हती. कॅप्टन जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, हे खो-खो नाहीये. पुढच्या वेळी बेसवर पोचलात तर मी सांगेपर्यंत तिथून हलू नका. प्लीज."

नवरा गाडीत जाऊन बसला. तो तसा वाईट माणूस नाही, पण चारचौघांत त्याच्या तोंडातून शब्द फुटायला वेळ लागतो. मी मागून निघाले तर पार्किंगमध्ये अंपायर उभी.

तिने बुटाच्या टाचेने खडीत एक रेघ ओढली. म्हणाली, ही तुझी आणि बेसची सरळ रेघ. चेंडू चुकवायला हिच्या डावी-उजवीकडे तीन-तीन फूट जायचं, त्याबाहेर पाय गेला की आउट. मग माझ्याकडे नीट बघून तिने विचारलं, "हे असं पळायला कुठे शिकलीस?"

मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत खो-खो सांगितला. बोलता बोलता सलवार जरा वर करून गुडघ्यावरची जुनी खूण दाखवली, खांबावर झेप घेताना पडलेली. तिने च्युइंगगम थांबवलं. वाकून तिने पँटचा पाय गुंडाळला आणि मांडीच्या खालच्या अंगाला असलेला तळव्याएवढा जुना चट्टा दाखवला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, निम्मे खेळाडू सैन्यात गेले तेव्हा, इथे बायकांच्या बेसबॉल टीम्स होत्या, पगार देऊन खेळवायचे. ती त्यांत होती. खेळायचं आखूड स्कर्टमध्ये. लिपस्टिक लावल्याशिवाय मैदानावर उतरायचं नाही, असा लेखी नियम. आणि त्या स्कर्टमध्ये उघड्या मांडीवर घसरत बेस गाठायचा. पुढे युद्ध संपलं, काही वर्षांनी ते सगळंही बंद झालं आणि लोक विसरले. "माझ्या भाच्याला वाटतं मी थापा मारते," ती म्हणाली.

पार्किंगमध्ये दोन बायका एकमेकींचे गुडघे बघत उभ्या होत्या आणि गाडीत माझा नवरा स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता. निघताना तिने तिचं नियमांचं पुस्तक माझ्या हातात दिलं. म्हणाली, सीझन संपला की परत कर.

मी ते पुस्तक डिक्शनरी घेऊन पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. आमच्या टीममधल्या एकाही डॉक्टरेटवाल्याने ते वाचलं नव्हतं. त्यातले दोन नियम मला पाठ झाले. एक, धावणाऱ्याला त्याच्याच कोचने धरून मदत केली, तर धावणारा आउट. हे वाचून मला हसू आलं. समोरच्याचा हात लागला तरी बाद आणि आपल्या माणसाचा लागला तरीही बाद! दुसरा असा की, धावणाऱ्याचा पाय प्लेटला लागला नाही आणि चेंडूही त्याला लागला नाही, तर अंपायरने काहीच खूण करायची नाही. मूठ नाही, हात पसरून 'सेफ'ही नाही. खेळ चालूच.

दिवाळीसाठी आईने पाठवलेली पांढरी रांगोळी माझ्याकडे होती. शाळेच्या मैदानावर फक्की मारतात, तशी ती मी अपार्टमेंटच्या मागच्या गवतावर ओतली. मधे एक रेघ, दोन्ही बाजूंना तीन-तीन फुटांवर दोन. शेवटी मेपलचं झाड होतं, त्याला कॅचर, म्हणजे प्लेट राखणारा, केलं. सहा फुटांच्या त्या पट्ट्यात रोज सकाळी मी झाडाला हुलकावणी देत होते. वळसा बंद, पण कंबर माझी होती. ती तीन फुटांतही वळत होती.

"अगं, लोक बघतायत," नवरा खिडकीतून म्हणाला.

"बघू द्या," मी म्हटलं. "त्यांना दुसरं काय काम आहे?"

सामन्यांत मात्र मी राइट फील्डला उभी राहत होते. क्वचित बेसवर पोचले तर कॅप्टन हात दाखवायचा आणि मी मैलाच्या दगडासारखी तिथेच. असा जुलै गेला.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी आमचा शेवटचा सामना होता, चार वाजता. समोर प्रोफेसरांची टीम. नवऱ्याचे गाईड, म्हणजे ज्यांच्या हाताखाली तो पीएचडी करत होता ते, त्या टीमचे कॅचर. त्याआधी दुपारचं जेवण काकूंकडे होतं. काकू-काका आमच्या आधी पंधरा वर्षं आलेले, त्यांचं स्वतःचं घर, मोठा रंगीत टीव्ही. तिकडे जाताना गाडीत नवरा म्हणाला, "आज जरा सांभाळून खेळ. गाईड आहेत. उगाच पळापळ नको."

त्या दिवशी लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिकमध्ये बायकांची मॅरेथॉन होती. ऑलिम्पिकच्या इतिहासात पहिलीच. तोवर बायकांना ते अंतर झेपत नाही, असं जगातल्या मोठमोठ्या समित्यांचं मत होतं. पुरुष मंडळी सोफ्यावर, आम्ही बायका किचनमध्ये. मी बटाटेवडे तळत होते. पहिल्या घाण्याला तेल तापत असतानाच बाहेर आरडाओरडा झाला म्हणून दारात गेले. पांढरी टोपी घातलेली, बारकीशी एक अमेरिकन बाई बोगद्याच्या अंधारातून स्टेडियमच्या उजेडात येत होती. एकटी. मागे-पुढे कोणी नाही. अख्खं स्टेडियम उभं राहिलं होतं, आणि ती दूध आणायला निघाल्यासारखी पळत होती.

"ही एक जमली," कॅप्टन म्हणाला. "पण सगळ्यांना नाही जमणार हे, वहिनी."

मी परत जाऊन तेलात वडे सोडले. थोड्या वेळाने बाहेर एकदम शांतता झाली, म्हणून पुन्हा दारात आले. या वेळी दुसरीच एक बाई स्टेडियममध्ये आली होती. कमरेतून एका बाजूला वाकलेली, एक हात लोंबत असलेला, पाय कुठे पडतोय त्याचा पत्ता नाही. शेवटची फेरी राहिली होती. डॉक्टर तिच्याकडे गेले, तशी ती त्यांच्यापासून बाजूला सरली.

"अरे, थांबवा तिला कोणीतरी!" कॅप्टन ओरडला. "मरेल ती. म्हणून म्हणतात ना, बायकांना नका..."

"हात लावला की ती बाद," माझा नवरा म्हणाला. "म्हणून कोणी धरत नाहीये."

काकूंची पंधरा वर्षांची लेक टीव्हीसमोर कार्पेटवर गुडघे टेकून बसली होती. ती सारखी म्हणत होती, "डोन्ट टच हर. डोन्ट टच हर."

माझ्या हातात झारा तसाच होता. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. त्या बाईने ती फेरी पूर्ण केली. कितवी आली ते मला तेव्हा कळलं नाही. रेघ ओलांडली आणि मग पडली, तेव्हा लोकांनी तिला धरलं. रेघ ओलांडल्यावर.

खो-खोत बसलेल्या मुलीने खो मिळायच्या आत उठायचं नसतं, तो फाऊल असतो. मी तीन वर्षं पिस्कॅटवेच्या दोन खोल्यांत खो मिळायची वाट बघत बसले होते. त्याआधीची सहा वर्षं सासरी. मागून येऊन पाठीवर हात ठेवणारं कोणी नव्हतं, हे मला त्या दारात उभ्या उभ्या कळलं. फाऊल तर फाऊल.

"अगं, वडे!" काकू किंचाळल्या.

वड्यांचा कोळसा झाला होता. मी ते तसेच ताटात काढून बाहेर नेले. कॅप्टनने एक उचलला आणि म्हणाला, "वहिनी, जरा करपलेत."

"तुम्हाला काहीच करायचं नाहीये," मी म्हटलं. "नुसते बसून खा."

चार वाजता सामना सुरू झाला. आमची बाई अंपायर प्लेटमागे. शेवटच्या डावापर्यंत बरोबरी होती. बॅटिंग आमची, दोन आउट झालेले. मी दुसऱ्या बेसवर होते. कशी पोचले ते सांगण्यासारखं नाही, चेंडू समोरच्या प्रोफेसरांच्या पायांमधून गेला. तिसऱ्या बेसपाशी कोच म्हणून माझा नवरा उभा होता. धावणाऱ्याला थांब की जा ते त्याने सांगायचं.

पुढच्या मुलीने चेंडू मारला. मी सुटले. तिसऱ्या बेसजवळ आले तर नवऱ्याने दोन्ही तळवे माझ्यासमोर धरले होते. थांब. त्याच्या मागून कॅप्टनही ओरडत होता, "वहिनी, स्टॉप! स्टॉप!"

मी तिसऱ्या बेसला पाय लावला आणि नवऱ्याच्या बाजूने पुढे गेले.

चेंडू माझ्याआधी पोचला. गाईड चेंडू हातमोज्यात घेऊन प्लेटच्या पुढ्यात उभे होते. भला माणूस, चेहऱ्यावर हसू होतं, आता हिला हळूच चेंडू लावायचा आणि घरी जायचं. मला तीन रेघा दिसत होत्या. गवत नव्हतं, रांगोळी नव्हती, तरी दिसत होत्या. मी डावा खांदा पुढे केला, ते डावीकडे झुकले. मी पोट आत घेतलं, कंबर वळवली आणि उजवीकडून निसटले. हातमोजा माझ्या ओढणीच्या गाठीजवळून हवेतून गेला. माझा पाय घसरला आणि मी तोंडावर आपटून धुळीतून फरपटत प्लेटच्या पलीकडे गेले. (त्या गाईडने नवऱ्याला पुढे वेळेवर डिग्री दिली. काळजी करणाऱ्यांसाठी सांगून ठेवते.)

माझ्या टीमचे लोक नाचायला लागले. गाईड मान हलवत हसत होते. मी पडल्या पडल्या अंपायरकडे बघितलं. तिची मूठ वर नव्हती. हातही पसरलेले नव्हते. ती कमरेवर हात ठेवून, च्युइंगगम चघळत, प्लेटकडे बघत होती.

माझा पाय प्लेटला लागलाच नव्हता. हे त्या मैदानावर आम्हा दोघींनाच माहीत होतं.

मी उठायला गेले. उजवा गुडघा दुमडेना. सलवार फाटून रक्त येत होतं. प्लेट दोन हातांवर. तेवढ्यात माझा नवरा धावत आला. चारचौघांत ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही तो माझं नाव घेऊन ओरडत होता. तो वाकला, मला उचलायला त्याने दोन्ही हात पुढे केले. कोच होता तो. हात लागला असता तर मी बाद.

"हात लावू नकोस!"

नवऱ्याला मी लग्नापासून अहो-जाहो करत आले होते. ते त्या दिवशी त्या धुळीत गेलं. तो होता तसाच थांबला, हात अंगापासून दूर धरून. मागून कॅप्टन म्हणत होता, "अरे, उचल ना तिला," आणि नवरा त्याच्याकडे न बघता म्हणाला, "तिने नाही म्हटलंय."

तोपर्यंत ते आणखी कोणाच्या तरी लक्षात आलं होतं, आणि त्याने गाईडना ओरडून सांगितलं. ते वळले. मी कोपरांवर सरकले. एकदा, दोनदा. त्यांची सावली अंगावर आली तेव्हा मी तळहात प्लेटवर आपटला.

अंपायरने दोन्ही हात पसरले. "सेफ!" असं ओरडली की बाजूच्या मैदानावरचे लोक बघायला लागले.

कॅप्टन काहीतरी बोलत होता, बहुतेक माझं कौतुकच करत होता. मी ऐकलं नाही. मी प्लेटवर पालथी पडून होते आणि मला खूप बरं वाटत होतं. आजारी तर मी कधीच नव्हते. मग मी मान वळवली. नवरा अजून तिथेच होता, हात तसेच दूर धरून.

"आता दे हात," मी म्हटलं.